‘खाली’ नावाचा फोल्डर

१

हे मी फोनला सांगून लिहून घेतोय. फोन मध्येच अर्धे शब्द गाळतो, मग बायको येऊन ते नीट करते. मोठ्याने बोललं तर त्याला सगळं बरोबर कळतं, पण मोठ्याने बोलायची मला आता सोय राहिलेली नाही. का, ते ओघाने येईलच.

माझा धंदा तारांचा. ऑफिसं, दवाखाने, दुकानं, जिथे म्हणून दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत तिथे मला बोलावतात. मी जातो, टेबलाखाली शिरतो, धूळ खातो आणि त्यांचा अबोला सोडवतो. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कॉम्प्युटर विचित्र वागला की बहुतेक वेळा कुणाच्या तरी पायाने तार उपसलेली असते.

त्या सकाळी ताईचा फोन आला. ती माझी थोरली बहीण. तिचा आणि दाजींचा सोफ्याची कव्हरं शिवायचा कारखाना आहे. खालच्या मजल्यावर चामडं कापायचं मशिन, तिथे दाजींचं राज्य. वरच्या खोलीत ताई कॉम्प्युटरवर तुकड्यांचे आकार काढते. आकार काढला की पेनड्राइव्हवर घ्यायचा, जिना उतरायचा, दाजींच्या हातात द्यायचा, परत वर यायचं.

“जिना नको रे आता,” ती म्हणाली. “इथून टाकलं की खाली दिसेल असं काहीतरी करून दे. म्हणजे मला खाली जावंच लागणार नाही.”

“एवढंच ना? शेअर्ड फोल्डर करून देतो.”

निघताना तारेला टोक लावायची पकड सापडेना. बायकोने आवराआवर करताना ती कुठल्यातरी डब्यात घातली होती आणि वर मलाच सांगत होती, जागेवर ठेवत जा म्हणून. आधीच उशीर, त्यात हे प्रवचन. मी तिला दंडाला धरून दारातून बाजूला केलं आणि डबे उपसले. एवढंच. कुठल्या घरात होत नाही?

२

मशिन म्हणजे पलंगाच्या दुप्पट लांबीचं टेबल. त्याला बारीक बारीक भोकं, आणि खाली पंप. पंप सुरू झाला की टेबल भोकांतून हवा ओढतं आणि वरचं चामडं घट्ट धरून ठेवतं. वरून एक दांडा फिरतो, त्याला बोटभर लांबीचं पातं. ते इतक्या वेगाने वरखाली होतं की डोळ्यांना नुसतं धूसर दिसतं. पंपाचा आवाज मात्र मला पहिल्या मिनिटापासून आवडला नाही. आधी एक लांब ओढ, मग खोल हुंकार, कुणीतरी श्वास आत घेऊन सोडायचं विसरल्यासारखा.

टेबलाच्या कडेला एक सेन्सर होता. हात आत गेला की मशिन थांबावं म्हणून. त्यावर दाजींनी काळी चिकटपट्टी मारून ठेवली होती.

“हे कशाला?” मी विचारलं.

“सारखं थांबतं रे ते. चामड्यावर हात फिरवल्याशिवाय सुरकुती जाते का?” त्यांनी दोन्ही तळवे चामड्यावर ठेवले आणि दाबत दाबत कडेपर्यंत नेले. दाजींचे हात आडदांड, बोटं जाडजूड. “आणि हे लाल बटण आहे ना. काही झालं तर दाबायचं, सगळं जागच्या जागी बंद. बायकी लाड पुरेत.”

मी मशिनच्या कॉम्प्युटरवर फोल्डर केला. नाव काय द्यायचं विचारलं तेव्हा ताई वरून म्हणाली, “खाली.” मग सवयीने आधी माझ्या लॅपटॉपवरून तो जोडून पाहिला, आणि मग ताईच्या कॉम्प्युटरवरून. मशिन त्या फोल्डरवर नजर ठेवून राहणार, त्यात आकार पडला की आपणहून उचलणार आणि कापणार. कुणी काही दाबायला नको.

आता प्रश्न उरला परवानगीचा. फोल्डरमध्ये कुणी काय टाकू शकतं, ते ठरवावं लागतं. मी ताईच्या नावाने पासवर्ड घालायला निघालो तर दाजी भडकले. “माझ्याच कारखान्यात मला कुलूप? पासवर्ड-बिसवर्ड काही नको. सगळ्यांना उघडं ठेव.”

नेटवर्कच्या धंद्यात यापेक्षा मोठा गाढवपणा नाही. पण पाहुण्यांशी वाद कोण घालणार? मी ‘सर्व’ निवडलं, ‘पूर्ण हक्क’ वर खूण केली आणि मोकळा झालो.

ताईने वरून एक चौकोन टाकला. खाली पंपाने श्वास ओढला, पातं उतरलं, चौकोन कापून तयार. ताई जिन्याच्या तोंडाशी येऊन टाळ्या वाजवत होती. तिला इतकं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

३

मी वर बॅग भरत होतो. ताई माझ्यासमोर पाण्याचा पेला घेऊन उभी होती, कॉम्प्युटरपासून चांगली लांब. आणि खाली पंप सुरू झाला.

“काय पाठवलंस गं?” दाजींची हाक.

“काही नाही!”

आम्ही दोघं खाली धावलो. सबंध नव्या चामड्याच्या बरोबर मध्यावर मशिनने पाच तुकडे कापले होते. चार लांबट, एका किंचित वाकड्या ओळीत, एकमेकांना लागून. पाचवा जरा रुंद, समोरच्या बाजूला एकटा. बाकी काहीच नाही. सोफ्याच्या कुठल्याही भागात न बसणारे.

“एवढं मोठं कातडं वाया घालवलंस,” दाजी अगदी शांतपणे म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी टेबलावरची मोठी कात्री उचलून त्यांनी फेकली. ती ताईच्या कानाजवळून गेली आणि जिन्याच्या लाकडी कठड्यात रुतून थरथरत राहिली. ताई ओरडली नाही. तिने फक्त मान थोडी वाकडी केली, आणि ती किती वाकडी करायची हे तिला नेमकं माहीत होतं.

“नेम चुकला,” दाजी माझ्याकडे बघून हसले. “गंमत रे. घाबरतोस काय?”

मी पुटपुटलो, कंपनीने चाचणीसाठी घातलेला एखादा नमुना असेल, नवीन जोडणी झाली की कधीकधी जुनं काहीतरी उसळून वर येतं. बोलताना मला ते पटतही होतं. ताईने वाकून ते पाच तुकडे गोळा केले आणि ॲप्रनच्या खिशात टाकले.

४

मग तुकडे येतच राहिले. ताई फोन करायची आणि आवाज खाली घेऊन सांगायची, “आज पुन्हा.” मी दर वेळी नवीन कारण काढायचो. शेजारचा कुणीतरी वायफायमध्ये शिरलाय. व्हायरस आहे. पेनड्राइव्हमधला कचरा आहे. शेवटी एका दुपारी सरळ तिकडे गेलो.

दाजी माल पोचवायला बाहेर पडले होते. खालच्या टेबलावर रद्दी तुकड्यांचा ढीग होता. तेच लांबट आकार, पण जाडजूड. काही पाचाच्या जुडीत, काही नुसते गोल, मुठीएवढे. एक तर चपलेच्या टाचेसारखा होता. प्रत्येक वेळी चामडं वाया गेलं होतं, आणि त्याचा राग कुणावर निघाला असेल ते मला विचारावं लागलं नाही.

मी फोल्डर उघडला. आत टाकलेल्या प्रत्येक आकाराला तारीख-वेळ होती. टाकणाऱ्याच्या जागी काही नव्हतं. चूक असती तर तिथे चुकीचं नाव दिसलं असतं. रिकामं कधी नसतं. मी तो फोल्डर पुसला, शेअरिंग बंद केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ‘खाली’ होता तिथेच होता, ‘सर्व’ ला पूर्ण हक्क देऊन बसलेला.

वर ताईच्या खोलीत गेलो. ती फळीवरची तार मला काढून द्यायला हात उंच करून उभी राहिली आणि तिची बाही घसरली. दंडावर चार लांबट निळे डाग आणि मागच्या बाजूला एक रुंद. कोपराखाली मुठीएवढा जुना पिवळा डाग.

खाली ढिगात मी जे पाहून आलो होतो, तेच.

“हे काय आहे, ताई?”

“लागलं खाली.” तिने बाही ओढली.

मला संताप आला, आधी दाजींचा आणि मग, का कोण जाणे, तिचाही. “म्हणजे हे आकार तूच काढतेस. त्याला दाखवायला. हो ना?”

“मी कशाला काढू?” ती म्हणाली. “मला ते पाठ आहेत.”

५

त्याच वेळी खाली दार आपटलं. दाजी आले होते. माल परत आला होता, चामड्याला बोटाएवढं भोक आहे म्हणून गिऱ्हाइकाने तो घेतला नव्हता. खालूनच त्यांनी जे शब्द वापरले ते मी फोनला सांगणार नाही.

मी ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावायचा. ताईच्या कॉम्प्युटरची तार भिंतीतून उपसून हातात घेतली, माझा लॅपटॉप बंद करून बॅगेत टाकला आणि जिना उतरलो. आता आकार टाकायला कुणी उरलंच नव्हतं. दाजी मला धक्का देऊन वर गेले. मी मशिनच्या कॉम्प्युटरसमोर उभा राहिलो, हातात ती उपसलेली तार, एखाद्या बावळटासारखा.

वर खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग पायांचा, जमिनीवर टाचा घासल्याचा.

पडद्यावर फोल्डरमध्ये एक आकार आला.

पंपाने श्वास घेतला. पातं टेबलावरच्या उरलेल्या चामड्यावर उतरलं आणि एक रुंद पट्टा कापू लागलं, कॉलरसारखा. त्या पट्ट्यात एका बाजूला चार भोकं, दुसऱ्या बाजूला चार. आणि मधोमध, एकमेकांना लागून, दोन अंगठे. अजून कापतच होतं, तीच वळणं पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा जास्त खोल.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. ताई भिंतीला होती, तिचे पाय जमिनीला धड टेकत नव्हते आणि दाजींचे दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती होते. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी खुर्ची उचलून त्यांच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हात सोडले. ताई खाली कोसळली.

“आमचं आम्ही बघून घेऊ,” ते धापा टाकत म्हणाले. “नवराबायकोत पडू नये माणसाने.”

खाली मशिन गप्प झालं होतं.

६

ते खाली गेले. इतकं सगळं होऊनही त्यांना आज माल पुरा करायचा होता. मी ताईला पाणी पाजलं, पोलिसांना फोन लावायला मोबाइल शोधला, तर तो मी खाली मशिनपाशी ठेवून आलो होतो. म्हणून उतरलो. हे मी सांगतोय कारण पुढे मला अनेकांनी विचारलं, तू तिथे कशाला गेलास.

दाजींनी नवीन चामडं पसरलं होतं. ते दोन्ही तळव्यांनी सुरकुत्या काढत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी मोबाइल उचलला. लाल बटण माझ्या कोपराशी होतं, आणि समोर पडदा.

फोल्डरमध्ये आकार आला. मी तो पाहिला. दोन पंजे, शेजारी शेजारी, बोटं फाकलेली, मनगटापर्यंत.

पंपाने श्वास ओढला. दाजींनी हात उचलायला घेतले आणि ते उचलले गेले नाहीत. त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी खांद्यातून जोर लावला. टेबलाने त्यांना धरलं होतं, तळव्यांना, घट्ट, जसं ते लोकांना धरत.

“बंद कर रे!” ते म्हणाले. “बटण दाब!”

मला दाबता आलं असतं. हात तेवढ्याच अंतरावर होता. माझ्या डोळ्यांसमोर ताईच्या टाचा होत्या, जमीन शोधणाऱ्या.

पातं करंगळीपासून सुरू झालं. ते घाई करत नव्हतं. नीट कडेकडेने, प्रत्येक बोटाच्या वळणाला जात, हाडाशी पोचलं की आवाज बदलायचा, बारीक व्हायचा, आणि पुन्हा पहिल्यासारखा. रक्त पसरायलाही पंप देत नव्हता, भोकांतून आत ओढून घेत होता. दाजी शेवटपर्यंत शुद्धीवर होते आणि शेवटपर्यंत मला शिव्या देत होते. मी उभा होतो. मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू?

७

तपासणीला आलेल्या माणसाने सेन्सरवरची चिकटपट्टी पाहिली आणि मान हलवली. कापणाऱ्याचाच निष्काळजीपणा. दाजी त्यांच्या आईकडे राहायला गेले. ताई आता खाली बसून स्वतःच मशिन चालवते. तिचा गळा बरा झाला, आवाज तेवढा घोगरा राहिला.

मी गेलो ते फोल्डर कायमचा काढून टाकायला. ताई चामडं पसरून उभी होती, पंप चालू होता. तिने मला बसायला सांगितलं.

“त्यांचे आकार थांबले,” ती म्हणाली. “ते गेल्यापासून एकही नाही.”

“मग झालं तर. आता तो फोल्डरही नको.”

“पण एक अजून येतो.” तिने ॲप्रनच्या खिशातून पाच तुकडे काढले आणि टेबलाच्या कडेवर मांडले. चार लांबट, एक रुंद. त्याशेजारी आणखी पाच, तसेच, चामडं मात्र नवीन. “हे पहिल्या दिवसाचे. हे परवाचे. तुझ्या दाजींची बोटं जाड होती. ही बारीक आहेत.” “आमची भावजय कशी आहे रे?”

मला आधी कळलंच नाही. मग त्या दिवशीची सकाळ आठवली, पकड, डबे, दार. परवा काय झालं होतं तेही आठवलं. क्षुल्लक होतं, चार्जर कुठे ठेवला यावरून.

“काय म्हणायचंय तुला?” माझा आवाज चढला. “मला त्या माणसाच्या पंगतीत बसवतेस? मी तिला फक्त धरलं होतं!” आणि मी टेबलावर हात आपटला.

तो निघाला नाही.

चामडं तळव्याखाली गरम होतं. मी ओढलं, मनगटातून, कोपरातून. सोडवायला डावा हात घातला तर तोही चिकटला. ताई पडद्याकडे बघत होती. तिथे काय आलंय ते मला तिरक्या नजरेने अर्धंच दिसलं, फाकलेली बारीक बोटं. लाल बटण तिच्या हाताशी होतं.

“ताई, दाब. ताई!”

“ती काय म्हणाली होती रे,” ताईने घोगऱ्या आवाजात विचारलं, “तू धरलंस तेव्हा? ‘सोड’ म्हणाली असेल ना?”

म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती. दांडा सरकला आणि पात्याचा धूसर पट्टा माझ्या करंगळीजवळ येऊन थांबला, जागा बघितल्यासारखा.

८

बायको मला भरवते. अंघोळ घालते, बटणं लावते. तिच्या दंडावर आता काही नाही, बाही वर सरकलेली असते तेव्हा मी बघतो. ताई रविवारी येते, दोघी बराच वेळ आतल्या खोलीत बोलत बसतात. मी तक्रार करत नाही. माझी बहीण आहे ती, तिने शेवटी बटण दाबलं. जरा उशिरा दाबलं.

लॅपटॉप कोपऱ्यात तसाच आहे. त्याची आणि ‘खाली’ची जोडणी कुणी तोडली नाही आणि मला ती आता तोडता येत नाही. काल बायकोने बिल भरायला म्हणून तो उघडला, तर फोल्डरमध्ये नवीन आकार होता. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मधे उघडा. मला आधी झाडाचं पान वाटलं. मग आठवलं, सकाळी घास गरम होता म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. घसा फाटेस्तोवर.

तिने तो आकार पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि लॅपटॉप मिटला.

तेव्हापासून मी हळू बोलतो. हे सगळं आता ती वाचेल, फोनने गाळलेले शब्द भरेल. वर मी ‘एवढंच’ म्हटलंय, ‘फक्त धरलं’ म्हटलंय, तिथे ती बहुधा थांबेल. तिला जे बदलायचं ते बदल, असं मी तिला सांगितलंय. हळूच सांगितलंय.